पुन्हा कामावर रुजू होण्याचा हक्क

पुण्यातील डाल्को इंजिनिअरिंग या खासगी कंपनीत एक गृहस्थ वीस वर्षांहून अधिक काळ टेलिफोन ऑपरेटर होते. नोकरीत असतानाच त्यांची ऐकण्याची क्षमता ८५ टक्क्यांनी कमी झाली. ३१ डिसेंबर २००० पासून कंपनीने त्यांची सेवा संपवली. कारण एकच दिले, त्यांना ऐकू येत नाही.

त्यांनी पुण्याच्या अपंग आयुक्तांकडे दाद मागितली. टेलिफोनच पुन्हा हातात द्या, असा त्यांचा आग्रह नव्हता. झेपेल असे दुसरे काम द्या आणि पगार, सेवाशर्ती कायम ठेवा, एवढेच मागणे होते. ऑक्टोबर २००१ मध्ये आयुक्तांनी कंपनीला सामाजिक जबाबदारी म्हणून त्यांना परत घेण्याचे सुचवले. कंपनीने घेतले नाही. डिसेंबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. योग्य पदावर, त्याच वेतनश्रेणीत, मागील पूर्ण पगारासह परत घ्या, असा आदेश झाला. पण कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ३१ मार्च २०१० रोजी तो आदेश रद्द झाला.

ते दुसरे काम करू शकत होते का, हा प्रश्न निकालात निर्णायक ठरलाच नाही. निर्णायक ठरला मालकाचा प्रकार. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याचे कलम ४७ सांगत होते की, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. मात्र ते कलम सरकार, स्थानिक संस्था, सरकारी कंपन्या आणि कायद्याने स्थापन झालेली महामंडळे यांच्यापुरते होते. कंपनी कायद्याखाली नोंदणी झालेली खासगी कंपनी ही ‘कायद्याने स्थापन झालेली’ संस्था नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. ऑपरेटरच्या हातात काही उरले नाही.

त्यानंतर कायदा बदलला. १९९५ च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. डाल्कोच्या निकालाने दाखवलेली फट त्याने काही अंशी बुजवली, पूर्ण नाही. अपघातातून, पक्षाघातातून, कर्करोगातून किंवा मानसिक आजारातून सावरून कामावर परतणाऱ्या माणसाला ही फट नेमकी कुठे आहे हे माहीत हवे. कारण त्याने मागायचे काय आणि कोणाकडे, हे त्यावरच ठरते.

पहिला प्रश्न: तुमचा मालक कोण?

हा प्रश्न समजून घ्यायला नवी मुंबईइतके योग्य शहर दुसरे सापडणे कठीण. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर उभारले. सिडको ही राज्य सरकारची कंपनी आहे. १ जानेवारी १९९२ पासून इथे महानगरपालिका आहे आणि एनएमएमटीच्या बसगाड्या तिच्याच परिवहन उपक्रमाच्या आहेत. उरणच्या बाजूला जेएनपीए हे केंद्राच्या अखत्यारीतील बंदर आहे, ओएनजीसीचा प्रकल्प आहे. मधल्या पट्ट्यात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथले एमआयडीसीतील कारखाने आहेत. ऐरोली आणि घणसोलीत आयटी आणि दूरसंचार कंपन्यांची मोठी संकुले आहेत.

एकाच इमारतीत समोरासमोर राहणारी दोन माणसे घ्या. एक जण एनएमएमटीत चालक, दुसरा रबाळ्याच्या खासगी कारखान्यात मशिन ऑपरेटर. दोघांचाही एकेक पाय अपघातात गेला, तर दोघांचे हक्क सारखे नसतात. चालकासाठी २०१६ च्या कायद्याचे कलम २०(४) आहे. कारखान्यातल्या ऑपरेटरसाठी ते नाही. त्याच्यासाठी त्याच कायद्यातील दुसरी कलमे आहेत, कामगार कायदे आहेत आणि त्याची युनियन असेल तर युनियनचा करार आहे.

सरकारी संस्थेतील कर्मचारी

‘शासकीय आस्थापना’ या शब्दांची २०१६ च्या कायद्यातील व्याप्ती मोठी आहे. केंद्र व राज्य सरकारची खाती, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे, सरकारी कंपन्या, महापालिका व नगरपालिका, तसेच सरकारच्या मालकीच्या, नियंत्रणाखालील किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्था त्यात येतात. म्हणजे सिडको, महापालिका, एमआयडीसी, महावितरण, रेल्वे, बंदर, सरकारी बँका, सगळे यात आले.

या सर्वांना कलम २०(४) तीन गोष्टी सांगते. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही आणि त्याचा दर्जाही कमी करता येणार नाही. तो आधीच्या पदासाठी योग्य राहिला नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह त्याला दुसऱ्या पदावर नेले पाहिजे. असे कोणतेच पद रिकामे नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, त्याला अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तच्या, पदावर ठेवता येते. तेव्हा ‘आमच्याकडे जागा नाही’ एवढ्यावर विषय संपत नाही. जागा नसेल तेव्हा काय करायचे, हे कायद्यानेच सांगून ठेवले आहे.

या कलमात टक्केवारीची अट नाही, हेही लक्षात ठेवावे. ४० टक्क्यांचा निकष आरक्षणासाठी आणि अनेक योजनांसाठी आहे. कलम २०(४) फक्त ‘अपंगत्व’ म्हणते. ‘तुमचे ४० टक्के भरत नाहीत, म्हणून हे संरक्षण नाही’ असे कोणी सांगितले, तर कलमाचा मजकूर समोर ठेवावा.

न्यायालयांनी हे तत्त्व, आधी जुन्या कायद्याच्या कलम ४७ खाली, पंचवीस-तीस वर्षांत पायरीपायरीने बांधत आणले. कुणाल सिंग खटल्यातील जवानाचा डावा पाय सेवेत असताना कापावा लागला होता. वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून त्याला घरी पाठवण्यात आले. पेन्शन देतो आहोत, मग आणखी काय हवे, असा सरकारचा पवित्रा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो अमान्य केला. पेन्शन मिळते म्हणून नोकरीवरचा हक्क जात नाही, पर्यायी काम देणे हे बंधनच आहे, असे त्या निकालाने ठरवले.

२००८ मधील भगवान दास खटला तर प्रत्येक आस्थापना विभागात वाचून दाखवावा असा आहे. पंजाब वीज मंडळातील हा साहाय्यक लाइनमन नोकरीत असताना पूर्ण अंध झाला. आपला हक्क काय हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने स्वतःच निवृत्तीचा अर्ज दिला आणि पत्नीला नोकरी द्यावी अशी विनंती केली. मंडळाने अर्ज मंजूर करून त्याला मोकळे केले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा ‘त्याने आपणहून अर्ज दिला होता’ हा बचाव टिकला नाही. कायद्याने तुला नोकरीत राहण्याचा हक्क आहे, हे त्याला सांगणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने म्हटले. हतबल अवस्थेत दिलेला अर्ज म्हणजे हक्क सोडून देणे नव्हे, हा या निकालाचा गाभा आहे.

मानसिक आजाराबाबतही आता शंका राहिलेली नाही. २०२१ मध्ये रवींदर कुमार धारिवाल खटल्यात केंद्रीय राखीव पोलिस दलातील अधिकाऱ्याचा प्रश्न होता. त्याला मानसिक अपंगत्व होते आणि त्याच्या वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली होती. ज्या वर्तनामागे अपंगत्वाचाही वाटा आहे, त्याबद्दल शिक्षा करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने सांगितले. मूळ कामासाठी तो अपात्र ठरला, तरी कलम २०(४) चे संरक्षण त्याला दिले. नैराश्यातून किंवा अन्य मानसिक आजारातून सावरून परतणाऱ्यांना ‘तुमचे आता काही सांगता येत नाही’ असे ऐकवले जाते. त्यांच्यासाठी हा निकाल मोलाचा आहे.

खासगी कंपनीतील कर्मचारी

नवी मुंबईतील बहुसंख्य वाचकांचा प्रश्न इथे आहे. खासगी मालकाला कलम २०(४) लागू नाही, हे आधी स्वच्छ मनाने स्वीकारले पाहिजे. उगाच त्याचाच आधार घेऊन लढायला गेले तर वर्षे वाया जातात. पण डाल्कोच्या ऑपरेटरइतका रिकामा हात आता कोणाचा नाही.

२०१६ च्या कायद्याने ‘आस्थापना’ या शब्दात खासगी आस्थापनाही घेतल्या. कलम ३(३) नुसार अपंगत्वावरून भेदभाव करता येत नाही. एखादी वेगळी वागणूक हे वैध उद्दिष्ट गाठण्याचे प्रमाणशीर साधन आहे, असे दाखवता आले तरच अपवाद. आणि भेदभावाच्या व्याख्येत ‘वाजवी सोय नाकारणे’ याचाही समावेश आहे. वाजवी सोय म्हणजे त्या विशिष्ट माणसाला काम करता यावे म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य बदल, मालकावर अवाजवी ओझे न टाकणारा. पाठीची शस्त्रक्रिया झालेल्याला उभे राहण्याऐवजी बसून करायचे काम देणे, डायलिसिसवर असलेल्याची पाळी बदलणे, दृष्टी गेलेल्याला पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर देणे, काही दिवस घरून काम करू देणे, ही त्याची उदाहरणे. ज्या आयटी कंपन्यांनी २०२० मध्ये अख्खी कार्यालये रातोरात घरी हलवली, त्यांना एका कर्मचाऱ्यासाठी हे अशक्य आहे असे सांगताना कारण द्यावे लागेल.

वाजवी सोय ही मेहेरबानी नव्हे. २०२१ च्या विकास कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिला समानतेच्या हक्काचाच भाग मानले. त्यासाठी मालकाने त्या व्यक्तीशी बोलले पाहिजे, तिच्या गरजा समजून घेतल्या पाहिजेत, हेही त्या निकालात आहे.

कलम २१ आणि २०१७ चे नियम यांनी प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण तयार करायला लावले आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांना योग्य ठरणाऱ्या पदांची यादी, साहाय्यक उपकरणांची तरतूद आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा उल्लेख असावा लागतो. या धोरणाची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते आणि ते संकेतस्थळावर किंवा कामाच्या ठिकाणी ठळक जागी लावायचे असते. कामावर परतताना अडवले गेले, तर पहिल्याच पत्रात या धोरणाची प्रत मागावी. धोरणच नसेल, तर कायदा मोडल्याचा एक पुरावा तिथेच हातात येतो. कायद्याच्या भंगासाठी कलम ८९ मध्ये पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

आजारपणाच्या काळातले कवच

अनेकदा नोकरी जाते ती परतण्याच्या दिवशी नाही, आजारी असतानाच. ‘इतके दिवस गैरहजर’ असे पत्र घरी येते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम ७३ ने प्रमाणित आजारपणाच्या आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात कर्मचाऱ्याला काढण्यास किंवा शिक्षा करण्यास मनाई केली होती. या योजनेत महिना २१ हजार रुपयांपर्यंत, दिव्यांग असल्यास २५ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले कर्मचारी येतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सुमारे ७० टक्के, तर कामावरील दुखापतीमुळे तात्पुरते अपंगत्व आल्यास ते असेपर्यंत सुमारे ९० टक्के रक्कम मिळते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि विमा, नुकसानभरपाई, औद्योगिक विवाद यांचे जुने कायदे त्यांत सामावले गेले. म्हणून दावा दाखल करताना कलमाचा क्रमांक जाणकार वकिलाकडून किंवा युनियनकडून तपासून घ्यावा. दावा करण्याची मुदतही ठरलेली असते, ती चुकवू नये.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अपघाताची भरपाई ही शरीराच्या हानीबद्दल असते. ती घेतली म्हणजे नोकरी विकली असे होत नाही. भरपाईच्या कागदांच्या गठ्ठ्यात राजीनाम्याचा कागद ठेवून सही घेतली जात असेल, तर तो कागद बाजूला काढावा.

दारातून परत पाठवले तर

नोकरीचा हक्क बहुतेक वेळा न्यायालयात हरत नाही. तो त्याआधी, तोंडी बोलण्यात हरवतो. ‘बघू’, ‘साहेब आल्यावर या’, ‘पूर्ण बरे व्हा, मग या’ या उत्तरांची कुठे नोंद होत नाही आणि सहा महिन्यांनी कंपनी म्हणते, हे आलेच नाहीत. म्हणून हजर होण्याच्या दिवशी लेखी अर्ज न्यावा. ‘आज मी कामावर हजर होण्यासाठी आलो आहे’ असे त्यात तारखेसह लिहावे आणि प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. गेटवरच अडवले, तर त्याच दिवशी तेच पत्र ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवावे.

अर्जाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडताना ते कसे लिहिले आहे ते पाहावे. नुसते ‘लाइट ड्युटीसाठी फिट’ लिहिले की कंपनी म्हणते, आमच्याकडे लाइट ड्युटी नाही. त्याऐवजी रुग्ण किती वेळ बसू शकतो, किती वजन उचलू शकतो, जिना चढू शकतो का, रात्रपाळी चालेल का, कोणती काळजी किती महिने घ्यायची, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. मग चर्चा ‘फिट की अनफिट’ यावर अडत नाही, कामाच्या तपशिलावर येते. आपल्याला जमतील अशी त्याच कंपनीतील दोन-तीन कामे स्वतःच सुचवावीत. वीस वर्षे ज्या शॉपमध्ये काढली, तिथे स्टोअर, तपासणी, नोंदी, प्रशिक्षण यांतले काय आपल्याला जमेल, हे कर्मचाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

अपंगत्व कायमचे असेल, तर युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करावा. कार्ड हातात यायचे आहे म्हणून हजर होण्याचा अर्ज मात्र थांबवू नये.

उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. शासकीय आस्थापनेत कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी असतो. तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. समाधान झाले नाही, तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. महापालिका किंवा सिडकोसारख्या संस्थेविरुद्ध पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्त, तर बंदर, रेल्वे किंवा सरकारी बँकेविरुद्ध दिल्लीतील मुख्य आयुक्त यांच्याकडे तक्रार करता येते. खासगी कंपनीतील भेदभावाची तक्रारही राज्य आयुक्तांकडे नेता येते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांची शिफारस मिळाल्यावर संबंधित प्राधिकरणाने कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचे असते आणि शिफारस मान्य नसेल तर कारणे द्यायची असतात. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे खरे. पण उच्च न्यायालयात जाताना ती हातात असणे मोलाचे असते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय न्यायाधिकरण आणि कामगारांना कामगार खात्यामार्फत औद्योगिक विवादाचा मार्ग खुला असतो.

या सगळ्या काळात एकच पथ्य कसोशीने पाळावे. घाईने राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊ नये. भगवान दास यांना न्यायालयाने वाचवले, पण त्यासाठी त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

सुरक्षेचा मुद्दा

मालकाच्या बाजूनेही एक खरा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत. तिथे एखाद्याला अचानक झटका आला तर त्याच्यासह इतरांचाही जीव जाऊ शकतो. बसचालकाला सिग्नलचा रंग ओळखता आला नाही, तर प्रवाशांचे काय? अशा जागी मूळ काम नाकारणे योग्य असू शकते. कायदा त्याला आडकाठी करत नाही.

कायदा विचारतो तो पुढचा प्रश्न. धोका या माणसाला, या कामात नेमका किती आहे, हे तपासले का? काही बदल करून तो कमी होतो का? आणि या कामात धोका कमी होत नसेल, तर त्या माणसाला दुसऱ्या कोणत्या कामात नेता येईल, हे पाहिले का? कंपनीच्या डॉक्टरने ‘अनफिट’ असा शेरा मारला की तपास संपला असे नाही, तिथे तो सुरू व्हायला हवा. रिॲक्टरवर नको असलेला माणूस प्रयोगशाळेच्या नोंदींसाठी किंवा सुरक्षा प्रशिक्षणासाठी उत्तम असू शकतो. त्याने ती धोक्याची जागा वर्षानुवर्षे जवळून पाहिलेली असते.

कायदा जिथे थांबतो

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याच्या कलम २७ मध्ये नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांचा उल्लेख आहे आणि कामावर परतण्याच्या कार्यक्रमांना चालना देण्याचे वचनही आहे. तिथे सरकारी नोकर आणि खासगी नोकर असा भेद नाही. आपल्या कलम २०(४) मधील ‘शासकीय’ हा शब्द तो भेद करतो. निदान मोठ्या खासगी आस्थापनांना तरी हे कलम लागू झाले पाहिजे. हजारो माणसांच्या कंपनीला एका जखमी कामगारासाठी पद शोधणे जमत नाही आणि छोट्या नगरपालिकेला मात्र ते जमलेच पाहिजे, यात न्याय नाही.

कायदा बदलेपर्यंत मात्र हात बांधून बसायचे कारण नाही, हे १ ऑगस्ट २०२५ च्या एका निकालातून दिसते. आंध्र-तेलंगणातील एसटी महामंडळाच्या एका चालकाला नियमित वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा असल्याचे आढळले. महामंडळाने पर्यायी काम न देता २०१६ मध्ये त्याला निवृत्त केले. रंगांधळेपणा २०१६ च्या कायद्याच्या २१ अपंगत्वांच्या यादीत नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य पदावर घेण्याचा आणि मागील पगाराचा २५ टक्के भाग देण्याचा आदेश दिला. त्यासाठी जो आधार कामी आला, तो १९७९ मध्ये कामगार संघटनांनी महामंडळाशी केलेल्या करारातला होता. रंगांधळा आढळलेल्या चालकाला पगार कायम ठेवून दुसरे काम द्यायचे, असे त्या करारात लिहून ठेवले होते.

ज्यांनी १९७९ मध्ये ते कलम आग्रहाने घालून घेतले, त्यांना हा चालक कोण असेल हे माहीत असणे शक्यच नव्हते. नवी मुंबईतील युनियन असलेल्या कारखान्यांत साधारण दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार होतो. बोनस, भत्ते, कँटीन यांवर रात्री जागवल्या जातात. त्याच मसुद्यात एक कलम आणखी घाला: नोकरीत असताना अपंगत्व आले, तर कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून, पगार कायम ठेवून, त्याला जमेल असे काम दिले जाईल. युनियन नसलेल्या कार्यालयात हेच वाक्य समान संधी धोरणात घालण्याची मागणी कर्मचारी एकत्र येऊन करू शकतात. ही मागणी धडधाकट माणसांनी करायची आहे, कारण आजारी पडलेला माणूस त्या दिवशी एकटा असतो आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्याचे वजन सर्वांत कमी असते.